‘कार्व्ह आउट’ आणि ‘कार्व्ह अप’ : विभागणीचे दोन अर्थ

छत्तीसगडविषयीच्या इंग्रजी मजकुरात एक वाक्प्रयोग हमखास आढळतो : हे राज्य मध्य प्रदेशातून ‘कार्व्ह आउट’ करण्यात आले. ज्याचे मंत्रालय आज नवा रायपुर येथे आहे, ते हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. या वाक्प्रयोगाचा नेमका अर्थ कोणता?

‘कार्व्ह’ म्हणजे लाकूड वा दगड कोरणे, तसेच शिजवलेल्या मांसाचे काप करणे. मात्र त्याला जोडून येणाऱ्या लहानशा शब्दाने अर्थ पालटतो.

‘कार्व्ह आउट’ म्हणजे मोठ्या वस्तूतून एक भाग वेगळा काढणे. येथे मूळ वस्तू शिल्लक राहते. अविभक्त मध्य प्रदेशाच्या ६१ जिल्ह्यांपैकी १६ जिल्हे छत्तीसगडकडे गेले. उरलेल्या ४५ जिल्ह्यांचे राज्य मध्य प्रदेश याच नावाने पुढे चालले. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा झाला, त्यालाही हाच प्रयोग शोभतो. एकत्र कुटुंबातून भाऊ ‘वेगळा निघाला’ असे आपण म्हणतो, ते याच अर्थाच्या जवळचे आहे.

‘कार्व्ह अप’ म्हणजे संपूर्ण वस्तूचे तुकडे करून ते आपापसांत वाटून घेणे. येथे मूळ वस्तू उरत नाही. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी १७७२ ते १७९५ या काळात तीन टप्प्यांत पोलंडचे असे तुकडे केले आणि अखेरीस तो देश नकाशावरून नाहीसा झाला. या प्रयोगात बहुधा नापसंतीची छटा असते. ‘लचके तोडणे’ हा मराठी प्रयोग तिच्या जवळ जातो.

बँक व्यवहारातही ‘कार्व्ह आउट’ भेटतो. उद्योगसमूहातून एखादा विभाग स्वतंत्र काढणे, हा त्याचा एक अर्थ. करारातील सर्वसाधारण अटीतून वगळलेली बाब, म्हणजेच अपवाद, हा दुसरा. म्हणून करारात हा शब्द दिसल्यास ‘यातून काय वगळले आहे?’ हे सहीपूर्वी अवश्य विचारावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेगळे निघण्याने देणी आपोआप विभागली जात नाहीत. छत्तीसगडच्या निर्मितीवेळी मालमत्ता आणि देणी यांच्या वाटणीसाठी कायद्यात स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या. भागीदारीतून वा कौटुंबिक व्यवसायातून वेगळे होणाऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. आपापसांत केलेली कर्जाची वाटणी बँकेची संमती असल्याखेरीज बँकेवर बंधनकारक ठरत नाही. कर्जदार व जामीनदार यांची जबाबदारी कायम राहते. सबब, वाटणीपत्र करण्यापूर्वी शाखेशी विचारविनिमय करणे हिताचे ठरते.