भांडणामागे काय दडले आहे?

नवरा-बायकोचे भांडण हा आरोग्याचा विषय आहे, असे आपण सहसा मानत नाही. पण रोजच्या कटकटीने झोप उडते, बीपी वाढतो, जेवण गोड लागत नाही. एका खोलीच्या घरात मुलेही सगळे ऐकत असतात. म्हणून या वेळी आपण भांडणाचीच तपासणी करू या.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. बायको म्हणते, "उद्या बचत गटाचा हप्ता आहे. आजही पैसे आणले नाहीत?" नवरा उसळतो, "मी काय मजा मारत फिरतो? भावाच्या साखरपुड्यात खर्च केलास, तेव्हा हप्ता आठवला नाही?" हप्ता राहतो बाजूला आणि तासभर माहेर-सासर निघते.

नवऱ्याने घेतला तो बचावाचा पवित्रा. तक्रार आली की उलट आरोप करायचा, सबबी सांगायच्या, नाहीतर "मीच वाईट" म्हणून विषय बंद करायचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या बोलण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. संसार पोखरणाऱ्या चार सवयींत त्यांनी याची गणना केली. उरलेल्या तीन म्हणजे स्वभावावर टीका, तुच्छतेने बोलणे आणि तोंड फिरवून गप्प बसणे.

असे का होते? रागाखाली दुसरेच काही दडलेले असते. दिवसभर नाक्यावर उभे राहूनही काम मिळाले नाही, याची नवऱ्याला लाज वाटते. गटातल्या बायकांसमोर मान खाली जाईल, ही बायकोची धास्ती असते. दोघेही ते बोलत नाहीत. बाहेर येतो तो राग.

मग काय करावे?

१. तक्रारीतला खरा भाग आधी मान्य करा : "हो, पैसे आणायला जमले नाही."

२. आतले बोला : "काम मिळाले नाही, सांगायला लाज वाटली." बायकोनेही "तुम्ही नेहमी असेच" म्हणण्याऐवजी "उद्या गटात काय सांगू, याची काळजी वाटते" असे म्हणावे.

३. छाती धडधडू लागली की समोरच्याचे बोलणे डोक्यात शिरत नाही. "वीस-पंचवीस मिनिटांनी बोलू" असे सांगून ओट्यावर बसा, फेरी मारा. मात्र मनात उत्तरे जुळवत बसू नका आणि ठरल्या वेळी परत या.

समजून घेण्याचे काम एकट्या बाईवर टाकू नये. पत्नी ही पतीची मैत्रीण आणि बरोबरीची, दासी नव्हे, हे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. मारहाण किंवा धमकी होत असेल, तर ती हिंसा आहे. तिथे हे उपाय लावू नका. २००५ च्या कायद्याने संरक्षण मिळते. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

पुढचे भांडण शांत झाल्यावर एकमेकांना एवढेच विचारा : "तेव्हा मनात नेमके काय होते?" आणि उत्तर मध्ये न बोलता पूर्ण ऐका.