पुरुषांची हाडे ठिसूळ होतात तेव्हा

१९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका अमेरिकन पुरुषाची हकिकत छापून आली. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, आणि गडी अजून वाढतच होता. गुडघे आत वळत चालले होते. एक्स-रे काढला तर हाडांचे वय जेमतेम १५ वर्षांचे, आणि घनता मोजली तर हाडे कमालीची ठिसूळ. टेस्टोस्टेरॉन मात्र चोख होते.

गोम होती इस्ट्रोजेनमध्ये. बायकांचे म्हणून ओळखले जाणारे हे संप्रेरक पुरुषाच्या अंगातही असते. ॲरोमॅटेज नावाचे विकर चरबीत आणि खुद्द हाडात टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार करते. या माणसाच्या पेशींना जन्मतःच इस्ट्रोजेनचा संदेश कळत नव्हता. त्यामुळे हाडांची वाढ थांबेना आणि त्यांची झीजही आवरेना. टेस्टोस्टेरॉन हाडाला बाहेरून जाडी देते, स्नायू वाढवते, हे खरेच. पण झिजेला लगाम घालायचे काम मुख्यतः इस्ट्रोजेनचे.

पाळी गेल्यावर बाईचे इस्ट्रोजेन झपाट्याने घसरते, पुरुषाचे वयानुसार हळूहळू. म्हणून ठिसूळ हाडे हे बायकांचेच दुखणे, असा समज घरोघरी आहे. पण खुब्याचे हाड मोडल्यानंतरच्या वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांतच जास्त.

काही पुरुषांच्या बाबतीत इस्ट्रोजेनची ही घसरण हळूहळू होत नाही, उपचाराने मुद्दाम घडवून आणली जाते. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, म्हणून महिन्याला किंवा तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन देऊन, नाहीतर अंडकोष काढून ते बंद केले जाते. कच्चा मालच संपल्यावर इस्ट्रोजेन कुठून बनणार? हाडांची घनता पहिल्याच वर्षी सर्वांत वेगाने उतरते. २००५ साली अमेरिकेतल्या पन्नास हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानानंतर पाच वर्षे तरी जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचे हाड मोडले होते. न घेतलेल्यांत हे प्रमाण १२.६ टक्के होते. म्हणून उपचार टाळायचा, असे मुळीच नाही. मात्र उपचार सुरू होतानाच कंबर आणि खुब्याचा, घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यावा. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा तोंडपाठ असलेल्या रुग्णाला त्या स्कॅनमधला स्वतःचा टी-स्कोअर ठाऊक नसतो, हे बरे नव्हे. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात.

मग जाहिरातीतली टेस्टोस्टेरॉनची जेल चोळली तर? प्रोस्टेटच्या रुग्णाने तो विचारही करू नये. इतरांसाठी एक चक्रावणारी गोष्ट. २०१७ साली पासष्टीपुढच्या पुरुषांवरच्या चाचणीत अशा जेलने वर्षभरात घनता वाढलेली दिसली. २०२४ साली ५,२०४ पुरुषांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा जेल लावणाऱ्यांतच हाडे जास्त मोडलेली निघाली: ३.५ टक्के विरुद्ध २.४६ टक्के. घनता वाढणे वेगळे, हाड न मोडणे वेगळे. ज्यांच्यात वृषण किंवा पिट्यूटरीच्या आजाराने टेस्टोस्टेरॉन खरोखर खालावले आहे, त्यांना ते डॉक्टरांकडून द्यावेच लागते. जिममध्ये मिळणाऱ्या स्टिरॉइड इंजेक्शनांचे उलटे असते: ती शरीराचे स्वतःचे उत्पादन बंद पाडतात, आणि सोडल्यावर कित्येक महिने ते सुरू होत नाही.

दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम शक्यतो जेवणातूनच मिळावे. पेलाभर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत त्याहून थोडे जास्तच. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आठवड्यामागून आठवडे घेत राहू नये. उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर मणका दबला आहे का ते पाहावे. झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी औषधे सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत, काढायचे असतील ते आधीच काढावेत. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. ते मध्येच सोडले तर एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात, तेव्हा गावाला जायचे असेल तर तारीख आधी पाहून ठेवावी.