चांदी का काळवंडते?



शाळेच्या जुन्या वर्गांचे कृष्णधवल फोटो सुरक्षित राहावेत म्हणून मीच ते लाकडी कपाटात बंद करून ठेवले होते. गेल्या दिवाळीत कपाट उघडले, तर काही फोटो कडांनी पिवळे पडलेले. ऊन नाही, पाणी नाही. संशय एकाचाच : कपाटातील हवेचा!

देवाची चांदीची भांडी कपाटात ठेवली तरी काळी पडतात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. कृष्णधवल फोटोतील चित्रही चांदीच्या सूक्ष्म कणांचेच असते. जे वाटीचे, तेच फोटोचे.

पण डोळ्यांना दिसेपर्यंत नुकसान झालेले असते. आधी कसे कळावे? इथे क्वार्ट्झचा स्फटिक उपयोगी पडतो. आपल्या मनगटी घड्याळात तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दाब दिल्यावर स्फटिकात वीज निर्माण होते, हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. १९५९ मध्ये साउअरब्रे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की स्फटिकावर भार वाढला की त्या प्रमाणात कंपने घटतात. सेकंदाला १ कोटी कंपने करणाऱ्या स्फटिकाचे एक कंपन घटले, तर समजावे की दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ४ नॅनोग्रॅम भार वाढला. १ नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!

आता स्फटिकावर चांदीचा पातळ लेप द्या. तो गंधकाची खबर देईल. शिशाचा लेप लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाची खबर देईल. युरोपात चर्चमधील ऑर्गन वाद्याच्या शिशाच्या नळ्या अशा आम्लाने झिजतात. तेथे शिशाचा लेप दिलेले स्फटिक वापरून पाहिले गेले आहेत. म्हणजे वस्तूच्या आधी तिचा पहारेकरी बोलतो.

आपल्या शाही किल्ल्यातील हमामच्या छतावरची रंगीत नक्षी किती पुसट झाली आहे, ते तुम्ही सहलीत पाहिलेच आहे. गेलेला रंग परत येत नाही.

आपल्याकडे असे यंत्र नाही, पण साधा प्रयोग करता येईल. इयत्ता आठवीने घासून चकचकीत केलेले चांदीचे दोन तुकडे घ्यावेत. एक लाकडी कपाटात, एक वर्गात ठेवावा आणि दर महिन्याला रंगाची नोंद करावी.

विश्वस्त मंडळास विनंती की फोटोंसाठी आम्लरहित कागदाची पाकिटे व एक स्टीलचे कपाट मिळावे. आणि पालकहो, घरातील आजी-आजोबांना शाळेत घेऊन या. फोटोतील चेहरे ओळखू येत आहेत, तोवर त्यांची नावे लिहून घेऊ.

– मुख्याध्यापक