‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नकोस

अगं, परवा फोनवर तू ‘काही नाही गं, वयाचं आहे’ म्हणालीस आणि विषय बदललास. मागे सासूबाई बसल्या होत्या, मुलगा जेवायला मागत होता, ते मला ऐकू येत होतं. म्हणून आज लिहूनच सांगते. सवडीने वाच, दार लावून वाच.

तुझं वय सत्तेचाळीस. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन-अडीच महिन्यांनी. रात्री अंगातून वाफा निघतात, उशी भिजते. ऑफिसात समोरच्याचं नाव ओठांवर येऊन अडतं, खांदा धरतो, आणि मुलाने डबा धुवायला टाकला नाही एवढ्यावरून डोळ्यांत पाणी येतं. हे सगळं तू एका वाक्यात मिटवलंस. पण यातल्या काही गोष्टी खरंच वयाच्या आहेत आणि आपोआप निवळतात. काही वयाच्याच आहेत, पण त्यांना चांगले उपाय आहेत. आणि काहींचा वयाशी संबंधच नसतो. कोणती कुठली, ते एकदा नीट वेगळं करू या.

आधी आत काय चाललंय ते ऐक. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं म्हणतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. म्हणून पुस्तकात ‘पन्नाशी’ वाचून ‘मला इतक्यात कसं?’ असं वाटून घेऊ नकोस. त्याआधीची चार-आठ वर्षं सगळ्यात त्रासाची असतात, कारण अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हळूहळू उतरत नाही. ते या महिन्यात खूप वाढतं, पुढच्या महिन्यात खाली कोसळतं. त्यामुळे पाळी चालू असतानाही घाम, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि लक्षणं अशी सरळ असतील, तर निदानासाठी महागड्या हार्मोन तपासण्यांची सहसा गरज पडत नाही. ती पातळी रोज बदलते, एका दिवसाच्या रिपोर्टवरून फारसं कळत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे तपासणी हवीच, आणि हाडं-हृदय सांभाळायला बहुतेकींना पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन्स द्यावी लागतात.

एक गंमतीची, पण महत्त्वाची गोष्ट. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहायची भीती संपली असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवावं, असं डॉक्टर सांगतात. या वयात ‘गोड बातमी’ द्यायची नसेल तर लक्षात ठेव.

आता त्या वाफा. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते फार हळवं होतं. तापमान जरा वर गेलं तरी ‘अंग तापलं’ असा हुकूम सोडतं: रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत बायकांची वर्षानुवर्षं पाहणी केलेल्या एका मोठ्या अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षांहून थोडा जास्त चालला असं दिसलं. सात वर्षं, बाई! ‘दोन-चार महिने काढते कसेतरी’ हा हिशेब इथे चालत नाही. आई ओट्याशी उभी राहून पदराने मान पुसायची, मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची, आठवतं? आपण तिला कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. तिच्याकडे पर्याय नव्हते. तुझ्याकडे आहेत.

विसरभोळेपणाचं म्हणशील तर घाबरू नकोस. रोज रात्री तीनदा जाग येणाऱ्या कुणाचंही डोकं दुसऱ्या दिवशी चालणार नाही, शिवाय हार्मोन्सचे चढ-उतारही असतातच. बहुतेकींचं हे पुढे सुधारतं. मनाचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. बाळंतपणानंतर ज्यांना नैराश्य आलं होतं, त्यांना या काळात ते पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो. आणि तुला तेव्हा काय झालं होतं, ते मी विसरलेले नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागेनासं झालं, जगणं नकोसं वाटलं, तर मला फोन कर आणि डॉक्टरांनाही भेट. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ वर आहे, पैसे लागत नाहीत.

आता वयाच्या नावाखाली जे अजिबात खपवायचं नाही, ते. पॅड तासा-दोन तासांत भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, पाळी आठवड्याहून जास्त लांबतेय, संबंधानंतर रक्त दिसतंय, तर तपासणी हवी. सोनोग्राफी करतील, गरज वाटली तर पिशवीच्या अस्तराचा नमुना घेऊन तपासतील. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तर करच. थायरॉइड बिघडलं की घाम, धडधड, वजन, चिडचिड हे सगळं हुबेहूब असंच दिसतं. आणि अंगात रक्त कमी असेल तर थकवा वयाचा नसतो, लोहाचा असतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘परत आली वाटतं’ म्हणून हसून सोडायचं नाही. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण काहींमध्ये तो पिशवीच्या कॅन्सरचा पहिला इशारा असतो आणि लवकर सापडला तर चांगला बरा होतो. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

आणि आता कान देऊन ऐक. कुणी म्हणेल, ‘मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी २०१९ मध्ये गाजली होती. तिथे केलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कितीतरी जणी जेमतेम तिशी-पस्तिशीच्या. खाडा झाला की मजुरी कापली जाते आणि पाळीच्या दिवसांत खाडा होतो, म्हणून हा मार्ग. त्यांची अडचण आपल्यासारख्यांना कळायची नाही, पण पिशवी काढण्याची घाई शहरातही होतेच. कॅन्सर असेल, फार मोठ्या फायब्रॉइडच्या गाठी असतील, बाकी उपाय थकले असतील, तर ऑपरेशन जरूर करावं. पण त्याआधी रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, तिने कित्येकींचं ऑपरेशन टळतं. आणि ऑपरेशन ठरलंच तर सरळ विचार: अंडाशय ठेवणार की काढणार? का? दोन्ही अंडाशय काढले की दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती, आणि तीही सगळा त्रास एकदम घेऊन. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की ‘कॅन्सर होतो’ असं तुझी शेजारीण सांगेल. ही भीती आली कुठून? अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग २००२ मध्ये मध्येच थांबवला गेला, आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. त्यातले आकडे बघ: गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला साधारण ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, आणि औषधं जुन्या पद्धतीची. पुढे तीच माहिती वयानुसार वेगळी करून पाहिली, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी बायकांना त्रास असेल तर फायदा जोखमीपेक्षा जास्त, असं चित्र पुढे आलं. वाफा आणि रात्रीचा घाम यांवर याहून गुणकारी दुसरं काही नाही. हाडंही टिकतात.

पण हे दुकानातून स्वतःच्या मनाने आणायचं औषध नव्हे. पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीच घ्यायचं नाही. जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत राहतं. गोळीपेक्षा कातडीवर लावायचं जेल किंवा पॅच घेतलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका कमी. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालीय, हार्टअटॅक किंवा लकवा येऊन गेलाय, लिव्हर बिघडलंय, कारण न कळलेला रक्तस्राव होतोय, अशांनी ही औषधं सहसा घ्यायची नाहीत. आपल्या मावशीला यातलं जे झालं होतं, ते डॉक्टरांना आठवणीने सांग.

हार्मोन्स नको असतील किंवा चालत नसतील तरी हात बांधलेले नाहीत. नैराश्यावरची काही औषधं अगदी कमी मात्रेत वाफांवर काम करतात, तसंच गॅबापेंटिन, विशेषतः रात्रीच्या त्रासावर. ‘मला वेड लागलंय का, ती गोळी कशाला?’ असं म्हणून उठू नकोस. आणि कुणी स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन घेत असेल तर तिने ते आधी सांगायचं, कारण यातल्या एक-दोन गोळ्या त्याच्याबरोबर चालत नाहीत. झोप आणि वाफांची धास्ती यांवर समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. वाफा उठवणारं मेंदूतला सिग्नलच अडवणारी फेझोलिनेटंट नावाची बिनहार्मोनची गोळी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. ती घेताना लिव्हर तपासत राहावं लागतं. शतावरी, जवस, सोयाबीन खा, आवडत असेल तर. कुणाला थोडं बरं वाटतंही. पण त्यांचा पुरावा पक्का नाही. डबीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून हजारो रुपये घालवू नकोस.

आता आणखी एक, जे तू मला कधीच बोलणार नाहीस. खालचा कोरडेपणा. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळतं, शिंकताना थेंब गळतो, वारंवार इन्फेक्शन होतं. वाफा कालांतराने जातात, हे मात्र आपणहून जात नाही, उलट वाढतं. तरी बायका याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. साधं वंगण आणि मॉइश्चरायझर मेडिकलमध्ये मिळतं. त्याने भागलं नाही तर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम आहे. त्याची मात्रा इतकी कमी की ते रक्तात नावापुरतंच उतरतं. लघवी गळत असेल तर ओटीपोटाचे व्यायाम शिकून घे. आणि नवऱ्याशी बोल. तू लांब सरकतेस ते राग म्हणून नव्हे, दुखतं म्हणून, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार कसं? मनकवडे नवरे फक्त मालिकांत असतात.

शेवटी, जे दुखत नाही तेही सांगते, कारण तेच पुढे महागात पडतं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब वाढू लागतात. पाळी गेल्यानंतर बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधात साधारण २४० आणि शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिळतं. म्हणजे दोन भाकऱ्या नाचणीच्या, दूध, दही, पालेभाजी, तिळाची चटणी. त्याने भागत नसेल तरच गोळी, ती डॉक्टरांना विचारून. ड जीवनसत्त्व एकदा तपासून घे. संध्याकाळी चालायला जातेस ते चांगलंच, पण नुसत्या चालण्याने स्नायू तयार होत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजन उचल, नाहीतर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या तरी. हाड सहज मोडलं, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, स्टेरॉइड बरीच घेतली आहेत, असं काही असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल विचार. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा बघ. गर्भाशयाच्या मुखासाठी पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही तपासणी आणि स्तनांची मॅमोग्राफी कधी करायची तेही विचारून ठेव.

आता काम सांगते. मोबाइलमध्ये महिनाभर टिपून ठेव: पाळीची तारीख, किती पॅड लागले, रात्री किती वेळा उठलीस, वाफा किती आल्या. या आठवड्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर करून घे. रक्त सकाळी उपाशीपोटी दिलंस की ऑफिसलाही वेळेवर पोचशील. मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘थोडा त्रास होतो’ असं मोघम न सांगता ती यादीच वाचून दाखव. ‘या वयात असंच असतं’ असं ऐकवलं तर शांतपणे विचार, ‘मग या वयासाठी तुमच्याकडे काय आहे?’ उत्तर मिळालं नाही तर डॉक्टर बदल.

रिपोर्टचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, मला त्यातलं कळत नाही. अपॉइंटमेंटची तारीख मात्र पाठव. मी येते बरोबर, बाहेर बसते. आणि तुझ्या जाऊबाईंना विचार, त्यांचं पंचेचाळीस झालं ना? त्यांनाही घेऊन ये.