वाघ आणि बिबट्या

"उसात वाघ शिरला!" अशी आरोळी पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या शिवारात उठली, की माणसे धास्तावतात. परंतु उसातून निघणारा तो प्राणी पट्टेरी वाघ नसून बिबट्या असतो. दोघे एकाच कुळातील. म्हणून बोलण्यात दोघांनाही आपण वाघच म्हणतो. मग पट्टेरी वाघाने चंद्रपूरकडील ताडोबाच्या अरण्यात राहावे आणि बिबट्याने उसाच्या फडापर्यंत यावे, असे का?

याचे पहिले कारण त्यांच्या गरजा. पूर्ण वाढलेल्या नर वाघाचे वजन सुमारे 200 किलो असते. एवढ्या देहाच्या पोषणास सांबर, गवा, रानडुक्कर अशी मोठी शिकार लागते; दबा धरण्यास दाट झाडी लागते; आणि उन्हाळ्यातही न आटणारा पाणवठा लागतो. बिबट्या बहुधा 50 ते 70 किलोंचा. चितळ मिळाले तर उत्तमच. नाहीतर वानर, ससा, शेळी किंवा कुत्रे यांवरही तो भागवतो. ज्याच्या गरजा थोड्या, त्याला मुलूख मोठा!

दुसरे कारण चढाओढ. एकाच रानात दोघे असले, तर बिबट्या वाघाच्या वाटेस जात नाही; कारण गाठ पडल्यास प्राणाशी खेळ असतो. तो आपली शिकार झाडावर ओढून नेतो व पुष्कळदा रानाच्या कडेला, वस्तीच्या जवळ राहतो. श्रीलंकेत मात्र वाघ नाहीत. तेथे बिबट्याच वनराज असून भरदिवसा उघड्या खडकांवर निर्धास्त पहुडलेला दिसतो.

जुन्नरकडेही वाघ नाहीत. धरणांचे कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्याला आडोसा, पाणी व भक्ष्य एकाच ठिकाणी लाभले. मादी फडातच पिल्लांना जन्म देते. परंतु या शेजारापायी काही माणसे, लहान मुलेदेखील, प्राणास मुकली आहेत. म्हणून तेथे अंधार पडल्यावर मुलांनी एकटे बाहेर जाऊ नये आणि गुरे-शेळ्या भक्कम गोठ्यात बांधाव्यात.

मुलांनो, बिबट्याला गाव आणि रान यांतील सीमा ठाऊक नाही. त्याला आडोसा आणि अन्न तेवढे कळते. त्याच्या गरजा आपण ओळखल्या, तरच त्याच्यापासून आपले आणि आपल्यापासून त्याचे रक्षण होईल.

स्वाध्याय
1. वाघाला दाट अरण्य का लागते?
2. श्रीलंकेतील बिबट्या निर्धास्त का असतो?
3. 'ज्याच्या गरजा थोड्या, त्याला मुलूख मोठा' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.