किल्ली विचारली होती

एका पतसंस्थेचा हिशेब एसक्यूएल सर्व्हरवर होता, कारकुनांचे फॉर्म अ‍ॅक्सेसमध्ये. दोघांची गाठ ओडीबीसीनं घालून द्यायची होती. "तासाभराचं काम," असं मी सांगून बसलो.

१. खिडकी नुसती बंद केली, तरी ते उत्तरच ठरतं. कर्जखात्यांचा व्ह्यू लिंक करताना अ‍ॅक्सेसनं विचारलं, नोंद एकमेव कशावरून ओळखू, म्हणजे तिची किल्ली कोणती? दहापर्यंत फील्ड निवडता येतात. मी कॅन्सल दाबलं. यादी दिसली, मी चहाला गेलो. परतलो तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "सर, दिसतंय सगळं, पण बदलता येत नाहीये."

२. गप्प बसण्यापेक्षा ठोकून दिलेलं उत्तर महाग पडतं. दुसऱ्या खेपेला मी सभासद क्रमांक निवडला. एका सभासदाची तीन कर्जं होती. पडद्यावर एकच कर्ज तीनदा आलं. मी नेटवर्कला शिव्या घातल्या. पण अ‍ॅक्सेस आधी किल्ल्यांची यादी आणतं, मग एकेक किल्ली दाखवून नोंद मागतं. वर्गात कुलकर्णी तिघे. गुरुजींनी तीनदा "कुलकर्णी" म्हटलं आणि पहिल्यानंच तीनदा "हजर" दिलं, तसं झालं.

३. 'डिलीटेड' म्हणजे पुसलं गेलं, असं नाही. एका टेबलात प्रत्येक रकान्यात हाच शब्द दिसला नि माझ्या घशाला कोरड पडली. सर्व्हरवर सगळं शाबूत होतं. तिथली किल्ली बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकाची होती. आमच्या जुन्या अ‍ॅक्सेसच्या पूर्णांकाची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच. किल्ली नीट जुळेना, म्हणून त्यानं नोंदच नाही असं ठरवलं. किल्ली साध्या इंटवर आणली नि सुटलो.

४. व्ह्यूची किल्ली अ‍ॅक्सेसच्या वहीत असते, सर्व्हरच्या नाही. ती खरी आहे का, हे कुणी तपासत नाही. जुनी लिंक पुसून नवी केली की तीही जाते. रविवारी सर्व्हर बदलला, लिंक नव्यानं केली, सोमवारी पुन्हा तेच: दिसतंय, पण बदलत नाही. आता लिंक करणाऱ्या कोडमध्येच युनिक इंडेक्सची ओळ घालून ठेवतो.

५. सगळ्यात शेवटी सुचलं ते खरं आधी करायचं होतं. ताईंना विचारलं, "तुम्ही कर्ज कशावरून ओळखता?"

"खाते क्रमांकावरून," त्या म्हणाल्या. "सभासदावरून कसं कळेल, सर? एकेकाची तीन-तीन असतात."