मूळ फाइल मागताना

पवारांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या आमच्या घराण्याची एक शाखा धारला राहिली, एक देवासच्या थोरल्या पातीत. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी फोटो जमवायचं काम देवासला माझ्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर दबलेले फोटो छपाईला चालत नाहीत, म्हणून 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं कुलवृत्तांत मंडळाने सगळ्यांना कळवलं.

त्याप्रमाणे धारच्या एका काकींनी देव्हाऱ्याचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चांदीचे टाक, समया, भिंतीवर जुनी तलवार. फोटोखाली तारीख द्यायची म्हणून मी लॅपटॉपवर फाइलचे डिटेल्स उघडले. तारीख-वेळ होती, फोनचं मॉडेल होतं आणि अक्षांश-रेखांशही. ते नकाशात टाकले तर टाचणी थेट काकींच्या वाड्यावर! कुलवृत्तांतात पत्ते छापायचे नाहीत असा ठराव आहे, बरं का.

काकींना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, आमचं घर साऱ्या गल्लीला ठाऊक आहे!" खरंय. पण गल्लीला घर ठाऊक असतं, घरात काय आहे ते नसतं. ग्रुपवरच्या अनोळखी सदस्यांना टाक दिसतात, घर कुठे ते कळत नाही. त्या फाइलने दोन्ही जोडून दिलं. काकी एकट्या राहतात.

फोटोच्या फाइलमध्ये अशी माहिती साठवण्याची पद्धत, एक्झिफ, जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने 1995 साली ठरवली. तिचा फटका मोठमोठ्यांना बसलाय. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकअफी डिसेंबर 2012 मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत होते. सोबतच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो प्रसिद्ध केला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर दाबताना हे ठिकाण गळून जातं. डॉक्युमेंट, ईमेल, पेन ड्राइव्ह यांतून मात्र फाइल जशीच्या तशी जाते. तेव्हा घरातले, मुलांचे, दागिन्यांचे फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. जुन्या फोटोंना त्याचा उपयोग नाही. आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन काढता येतं; विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'डिटेल्स'खाली, वैयक्तिक माहिती वगळून वेगळी प्रत बनते. छपाईचा दर्जा तसूभरही घटत नाही. मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा. तारीख पुढच्या पिढीला लागेल.

देवासच्या माता टेकरीच्या आणि धारच्या किल्ल्याच्या फोटोंना मी हात लावला नाही. त्यांचा पत्ता लपवून काय करायचंय?

काकींनी ग्रुपवरची फाइल डिलीट केली, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडे ती असणारच. आता फाइली थेट माझ्या मेलवर मागवतो, ग्रुपवर नाही.